अंगणातल्या आंब्यावर सीतेची वेणी

आज जिच्याविषयी बोलायचे आहे ती आमरी, म्हणजे ऑर्किड, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. मे महिना सरत आला, की कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या आंब्या-फणसाच्या किंवा ऐनाच्या फांदीवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गच्च गजरा लोंबताना दिसतो. तीच सीतेची वेणी. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा आहे. आसामात तिला कपौ फूल म्हणतात, बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात आणि त्या राज्याचे राज्यफूलही तेच आहे.

पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून फांदीसकट तोडून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. बांडगुळाची मुळे झाडाच्या आत शिरून रस ओढतात. सीतेची वेणी झाडाकडून केवळ आधार घेते. तिचे एखादे मूळ जवळून पाहा. बोरूएवढे जाड, कोरडे असताना रुपेरी-करडे आणि पाण्याचा शिपका बसताच काही क्षणांत हिरवट होणारे. वरच्या मृत पेशींचा स्पंजासारखा थर पाणी टिपून घेतो आणि ओला झाला की पारदर्शक होतो, म्हणून आतला हिरवा भाग दिसू लागतो. या थराला पाणी जितके हवे, तितकीच त्यानंतर मोकळी हवाही हवी.

हे न कळल्यामुळे माझे पहिले रोप गेले. मी मुळांभोवती काथ्याचा जाड गोळा करून ते घट्ट बांधले होते, आणि आषाढातल्या संततधारेत तो गोळा आठवडेच्या आठवडे निथळला नाही. सोडून पाहिले तेव्हा मुळे बोटांत चिरडली जात होती.

तेव्हापासून मी रोप थेट सालीवरच बांधतो. त्यासाठी आंब्यासारखी खरबरीत साल हवी. पेरूची साल सोलून निघते, तिच्यावर मुळांची पकड टिकत नाही. खोडाची पूर्वेकडची बाजू निवडावी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते, दुपारचे टळते आणि नैऋत्येकडून येणारा पावसाचा मारा अंगावर येत नाही. वळवाच्या सरी सुरू झाल्या, की सुती पट्टीने मुळे सालीशी बांधावीत, रोपाचा बुंधा मोकळा ठेवावा आणि शेंडा किंचित पुढे झुकवावा, कारण पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्याने शेंडा कुजतो आणि ही आमरी वाढते ती एकाच शेंड्याने. नवी मुळे सालीला चिकटली, की पट्टी काढावी. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू कमी करावे. हिवाळ्यात अधूनमधून सकाळी दिलेला फवारा पुरतो.

रोप मात्र रानातून ओरबाडून आणू नये. आमरीचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसते, आणि रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. त्यामुळे फांदीवर दिसणाऱ्या प्रत्येक रोपामागे न रुजलेले असंख्य बी असते. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे रोपवाटिकांतून मिळतात, ती घ्यावीत. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर रोप सापडले, तर जागेच्या मालकाला किंवा वनखात्याला विचारून तिथल्याच उभ्या झाडावर बांधावे. माझ्या आंब्यावरच्या दुसऱ्या रोपाला तिसऱ्या वर्षी पहिला तुरा आला, आणि त्यावर धरलेल्या शेंगा मी पिकून फुटेपर्यंत तशाच ठेवल्या.