हँडल हललं की आधी कोन कसू नका

मंडळी, आज मला एक क्रम सांगायचा आहे. गाडीचं हँडल थरथरायला लागलं की तपासणी कुठून सुरू करायची आणि शेवटी कशाला हात लावायचा, एवढाच विषय. पण त्याआधी एका सवयीबद्दल बोलतो, कारण तिनेच मला इथे यायला भाग पाडलं. ती सवय म्हणजे ऊठसूट कोन, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, कसणं. कुठल्याही चौकात गाडी उभी करून म्हणा, "भाऊ, हँडल वॉबल होते." पुढचं चाक कोणी उचलत नाही, टायरकडे कोणी पाहत नाही. हँडलच्या नटाला पाना लागतो, अर्धा आटा कसला जातो आणि "जा, कोन ढिल्ला होता" म्हणून गाडी हातात मिळते.

आणि गाडी दोन-चार दिवस चांगली चालतेही! खरी फसवणूक तिथेच होते. कोन आवळला की टीमध्ये, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकअप धरणाऱ्या जोडात, घर्षण वाढतं आणि त्या घर्षणाखाली थरथर दबते. कारण जिथे होतं तिथेच राहतं. शिवाय कोनमधले आवळलेले छर्रे आपल्या वाटीत खड्डे पाडतात, तेही बरोबर मधोमध, कारण आपण जास्तीत जास्त वेळ सरळच चालतो. मग सीताबर्डीच्या गर्दीत गाडी हळू चालवताना ती झिंगल्यासारखी डावी-उजवीकडे जायला लागते. तोल सांभाळायला हँडल सतत केसभर फिरावं लागतं आणि आता ते अडकून अडकून फिरतं. म्हणजे आजार एक होता, त्याचे दोन झाले.

कळमेश्वरहून रोज नागपुरात येणारे एक सर माझ्याकडे आले होते. दीडशे सीसीची गाडी, अलॉय चाकं, उत्तम ठेवलेली. साठच्या वेगावरून एक्सलरेटर सोडला की पन्नास-पंचेचाळीसच्या दरम्यान हँडल थरथरायचं. घट्ट धरलं तर कळायचं नाही, हात सैल केले की लगेच सुरू. एका वर्कशॉपने आधी कोन कसला, मग कोन सेटच बदलला, मग शॉकअपचं ऑइल आणि सील. शेवटी म्हणाले, रिम बदला. सर मला म्हणाले, "काहून हलते तेवढं सांगा ना भाऊ, बदलायचं का नाही ते मी पाहतो." मला तो माणूस तिथेच आवडला. गिऱ्हाईक कारण मागतो तेव्हा मेकॅनिकला आनंद व्हायला पाहिजे राजेहो!

मी त्यांना एकच गोष्ट विचारली. हलणं कधीपासून सुरू झालं आणि त्याच्या आधी गाडीचं काय काम झालं होतं? त्यांनी आठवून सांगितलं की काटोल रोडवर पुढचं चाक पंक्चर झालं होतं, तिथेच रस्त्याच्या कडेला काढून घेतलं. इतक्या पैशांची कामं झाली, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

गाडी मेन स्टँडवर घेतली, मागे वजन देऊन पुढचं चाक उचललं आणि हाताने हळूहळू फिरवलं. टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी लगत, एक बारीक उठावदार रेघ असते. तुमच्याही टायरला आहे, घरी गेल्यावर बघा. टायर रिमवर नीट बसलं असेल तर ही रेघ आणि रिमची कड यांच्यातलं अंतर चाकभर सारखं दिसतं. सरांच्या चाकात ती रेघ गोल फिरता फिरता व्हॉल्व्हजवळ बोटभर रिमच्या आत गडप व्हायची आणि पुढे पुन्हा वर यायची. म्हणजे टायरचा तेवढा भाग रिमवर चढलाच नव्हता. रिम सरळ, बेअरिंग चांगलं, पण टायर वाकडं फिरत होतं.

हवा सोडली, टायरची कड दोन्ही बाजूंनी आत दाबून मोकळी केली, साबणाचं पाणी लावलं आणि पुन्हा हवा भरली. "टप्प" असा आवाज आला आणि रेघ सगळीकडे सारखी दिसायला लागली. मग हवा कंपनीने सांगितलेल्या मापावर आणली. जास्त आवळलेला कोनही सैल करून बरोबर बसवला. सर फुटाळ्यापर्यंत चक्कर मारून आले, हात सैल सोडून पाहिलं. हँडल जागचं हललं नाही. यात नवीन भाग एकही लागला नाही.

हवेचा विषय निघाला आहे तर नागपूरच्या उन्हाळ्याबद्दलही बोलतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत "टायर फुटेल" म्हणून हवा कमी ठेवणारे लोक आहेत. हे उलटं आहे! हवा कमी असली की टायर जास्त दबतं आणि त्यानेच जास्त तापतं. शिवाय तीस पीएसआयच्या आसपासच्या टायरमध्ये तापमान साधारण साडेपाच अंश बदललं की एक पीएसआय इकडे-तिकडे होतो. भर दुपारी गाडी चालवत पंपावर गेलात आणि काटा बघून हवा सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर चालणार. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आणि सिमेंट रोडवर दोन पट्ट्यांच्या लांब सांध्यावरून जाताना हँडल क्षणभर ओढल्यासारखं वाटतं, त्याला वॉबल म्हणू नका. सांधा सुटला की ते थांबतं.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत, म्हणून आता भरभर सांगतो. पुढचं चाक जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या अक्षाच्या रेषेच्या थोडी मागे असते. त्यामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहतं, अगदी दवाखान्यातल्या स्ट्रेचरच्या चाकासारखं. सरळ होताना ते थोडं पुढे जातं, परत येतं, पुन्हा जातं. चांगल्या गाडीत हे लगेच विरतं, बिघडलेल्या गाडीत विरत नाही. सेकंदाला चार ते दहा वेळा नुसतं हँडल हलत असेल तर ते वॉबल. अख्खी गाडी मोठ्या वेगात सेकंदाला दोन-चार वेळा संथ डोलत असेल तर संशय मागच्या भागावर घ्या.

क्रम असा. पहिल्यांदा सामान. पेंचला निघताना मागच्या कॅरियरवर सगळं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं. ते उतरवून गाडी चालवून पाहा. मग हवा. मग टायर: ती रेघ, रबराची उंचसखल झीज, आणि तारखेचे चार आकडे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मग चाक फिरवून आऊट, म्हणजे ते वाकडं फिरतं का, बघा, स्पोक असतील तर प्रत्येक तार वाजवून पाहा. मग चाक आडवं हलवून बेअरिंग.

त्यानंतर मागे जा. चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बुश खेळतो का, इंजिनचे माउंटिंग बोल्ट घट्ट आहेत का. गाडी कुठे धडकली असेल तर शॉकअप टीमध्ये पिळले गेलेत का, तेही बघा.

कोन सगळ्यात शेवटी. पुढचं चाक उचलून शॉकअपची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ओढा. खट्ट लागलं तर कोन ढिला आहे. मग हँडल अगदी हळू फिरवा. मधोमध खाच लागली तर सेट बदलावाच लागेल, तो कसून उपयोग नाही. खेळ जाईल आणि हँडल स्वतःच्या वजनाने कडेला पडेल, इतकाच कोन आवळायचा.

आणि चालत्या गाडीत वॉबल सुरू झालं तर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हँडलशी कुस्ती करायची नाही. गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग पुढे झुकवा आणि एक्सलरेटर हळूहळू सोडा. बाहेर माझी गाडी मेन स्टँडवर उभी आहे, प्रश्न तिथेच विचारा, चाक उचलून दाखवतो.