हिस्टोग्राम विचित्र दिसतोय? इमेजला दोष देण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! फिजीमध्ये (म्हणजे इमेजजे या इमेज तपासायच्या सॉफ्टवेअरचीच एक आवृत्ती) सोळा बिटची, म्हणजे पिक्सेलची व्हॅल्यू ० ते ६५५३५ असू शकते अशी इमेज उघडली, एच दाबलं, आणि सगळा हिस्टोग्राम (कुठल्या व्हॅल्यूचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख) डावीकडे एका बारीक रेघेत गोळा झालाय, बाकी सगळं रिकामं. लगेच वाटतं की एक्स्पोजर गंडलं, परत फोटो काढा. थांबा, आधी खालचे आकडे वाचा.

समजा मिनिममला १०० आहे आणि मॅक्सला ६५५३५. सोळा बिटमध्ये इमेजजे हा मिनिमम ते मॅक्सचा पट्टा २५६ बिन्समध्ये, म्हणजे सारख्या कप्प्यांमध्ये वाटतं, म्हणजे एकेक बिन साधारण २५६ व्हॅल्यूंचा झाला. आता तुमचा खरा डेटा ९०० च्या आत असेल तर तो सगळा तीन-चार बिन्समध्येच कोंबला जाणार ना! आणि हे सगळं कशामुळे, तर बऱ्याचदा एका हॉट पिक्सेलमुळे, म्हणजे सेन्सरच्या दोषामुळे उगाच खूप जास्त व्हॅल्यू देणाऱ्या पिक्सेलमुळे. ऑल्ट दाबून धरा आणि हिस्टोग्राम घ्या, डायलॉग येईल, त्यात रेंज स्वतः टाका, आकार लगेच दिसायला लागेल. कमी पिक्सेलवाले बिन्स दिसत नसतील तर लॉगचं बटण आहेच.

दुसरी गोष्ट, ही मला फार महत्त्वाची वाटते. कॅमेरा बारा बिटचा असेल तर त्याची कमाल व्हॅल्यू ४०९५, फाइल भले सोळा बिटची असू दे. त्यामुळे बरोबर ४०९५ वर उंच खांब दिसला तर ते सॅच्युरेशन आहे, म्हणजे प्रकाश कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे गेला, तिथली माहिती गेली, ती कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही, एक्स्पोजर कमी करून फोटो परतच घ्यावा लागतो.

आता कंगव्यासारखे दात, मधेमधे रिकाम्या फटी. हे आठ बिटच्या इमेजवर ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टमध्ये अप्लाय दाबल्यावर होतं, कारण शंभरेक लेव्हल्स ताणून २५६ वर पसरल्या, नवीन माहिती आली कुठून? नुसता स्लायडर हलवला तर पिक्सेल बदलत नाहीत, फक्त दिसणं बदलतं, पण अप्लाय केलं की व्हॅल्यूच बदलतात. आणि सोळाचं आठ बिट करतानाही तीच डिस्प्ले रेंज (स्लायडरने ठरलेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पट्टा) वापरली जाते, म्हणून दोन इमेजेसची तुलना करायची असेल तर दोन्हींना त्याच ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टमधल्या सेट बटणाने एकच रेंज द्या, नाहीतर ऑटोने प्रत्येकीला वेगळी रेंज दिलेली असते आणि तुम्ही तिलाच सॅम्पलमधला फरक समजून बसता.

आणि हो, इमेजवर एखादं छोटं सिलेक्शन राहून गेलं असेल तर हिस्टोग्राम फक्त तेवढ्याच भागाचा येतो. हिस्टोग्रामखालचा एकूण पिक्सेलचा आकडा इमेजच्या रुंदी गुणिले उंचीपेक्षा कमी दिसला की सिलेक्शन काढायला कंट्रोल शिफ्ट ए दाबा आणि हिस्टोग्राम परत घ्या.