पोवळ्याच्या रंगाची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर रंगाबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. तेव्हा आधी मंगळाच्या अंगठीतलं पोवळं डोळ्यांसमोर आणा. कुंकवाइतकं लाल नाही, शेंदराइतकं नारिंगी नाही. रंगांच्या छटांना नंबर देणाऱ्या पॅन्टोन कंपनीने 2019 या वर्षाचा रंग म्हणून जाहीर केलेला ‘लिव्हिंग कोरल’ याच घराण्यातला, पण बराच फिका. मी बोलतोय ते चांगल्या भडक रंगाबद्दल.

फ्लॅटच्या भिंती क्रीम नाहीतर ऑफ-व्हाइट, असं आपल्याकडे जणू ठरूनच गेलंय. खरं तर लालसर भिंत आपल्याला परकी नाही. डहाणू-जव्हारकडे वारली घरांच्या भिंती गेरूने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. ती पांढरी रेघ उठते ती मागच्या लालीवर. म्हणून अशा भिंतीवर रंगीबेरंगी चित्रं टांगू नका. पांढऱ्या चौकटीतले कृष्णधवल फोटो लावा, खाली शिसवी किंवा सागवानी बैठक असू द्या.

भिंत मात्र एकच रंगवा. चारही रंगवल्या तर लाली एकमेकींवर, छतावर आणि बसलेल्यांच्या चेहऱ्यावरही उतरते. आणि ती एक कोणती? खिडकीची तर नकोच. तिथे उजेड डोळ्यांवर येतो आणि भिंत काळपट, विटकरी दिसते. खिडकीसमोरची घ्या, उजेड थेट तिच्यावर पडतो. पलीकडे बाथरूम असेल तर आधी हात लावून ओल तपासा. क्रीम रंगावर खपून जाणारे क्षाराचे पांढरे डाग इथे लांबूनही दिसतात.

शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावर विसंबू नका. छोटा डबा आणून दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारा, तो वाळू द्या आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर बघा. ओला असताना इमल्शन फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. पिवळसर, 3000 केल्विनच्या बल्बखाली हाच रंग नारिंगीकडे झुकतो, तर 6500च्या पांढऱ्या ट्यूबखाली गुलाबी आणि थोडा आजारी वाटतो. माझं मत विचाराल तर आधी बल्ब बदला, मग शेड ठरवा.

आता पेंटरकाका. ते म्हणतील, दोन हात पुरे. पुरत नाहीत! खालचं झाकण्याचं काम करतो तो टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगातली पांढरी पूड, आणि गडद लाल शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, तो फार कमी असतो. त्यामुळे पांढऱ्या पुट्टीवर थेट मारलं की रोलरचे पट्टे दिसत राहतात. पुट्टी घासून झाली की राखाडी प्रायमर मारायला सांगा आणि तिसऱ्या हाताची तयारी ठेवा. दहा बाय दहाच्या भिंतीला दोन लिटरचा हिशेब धरा. भाड्याचं घर असेल तर आधी मालकांना विचारा, कारण ही भिंत पुन्हा पांढरी करणं हे याहून मोठं काम आहे.

सगळा रंग एकदमच घ्या. मशीनवर पुन्हा बनवलेल्या डब्यात छटेचा थोडा फरक पडू शकतो. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणीवर शेडचा नंबर लिहा. सोफ्याचा कोपरा भिंतीला घासणारच आहे.

नमस्कार.