रंग जुने, इंजिन नवं: एका एमजीबीचं वायरिंग

[बॉनेट उघडं. इंजिनाच्या कडेने लोंबणाऱ्या तारांवरून कॅमेरा सरकतो.]

ही एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या तयार झाल्या. ही सुरुवातीच्या वर्षांतली, उघड्या टपाची. हिचं मूळचं १७९८ सीसीचं इंजिन दोन्ही कार्ब्युरेटरांसकट बाहेर निघालंय आणि त्या जागी दुसऱ्या गाडीतलं १.८ लिटरचं इंजेक्शनचं इंजिन बसलंय. माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं जागेवर आहे. लोखंडाचं काम संपलं. उरल्या तारा.

[जुना फ्यूज बॉक्स, जवळून. काचेचे दोन फ्यूज.]

अख्ख्या गाडीला फ्यूज दोन. हेडलाइटना फ्यूज नाही, इग्निशनला नाही. डायनॅमो २२ अँपिअरचा. जुन्या इंजिनाच्या गरजाच तेवढ्या होत्या: किल्ली फिरवली की एक पांढरी तार कॉइलला वीज द्यायची, तिचाच एक फाटा मागच्या फ्युएल पंपाला. संपलं. नव्या इंजिनाचं तसं नाही. त्याला चार इंजेक्टर, कॉइल, तापवायचा ऑक्सिजन सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, साधारण ८ अँपिअर घेणारा उच्च दाबाचा पंप आणि १५ ते २० अँपिअर ओढणारा पंखा लागतो. वर रात्रीचे हेडलाइट. बेरीज पन्नासच्या आसपास जाते. डायनॅमो निघणार, त्याचा रेग्युलेटरही निघणार, त्याचं काम अल्टरनेटर करणार, आणि या जुन्या लूममध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, इकडे एक टाका, तिकडे एक फाटा असं करून भागणार नाही.

[टेबलावर नव्या तारांची रिळं: तपकिरी, पांढरं, हिरवं, जांभळं.]

पण रंग जुनेच राहणार. लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने या गाड्यांना दिलेली रंगांची पद्धत पुढे बीएस एयू ७ या ब्रिटिश मानकातही आली. तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट, किल्ली खिशात असली तरी जिवंत. पांढरी, किल्ली फिरवल्यावर जिवंत. हिरवी, किल्ली आणि फ्यूज दोन्ही ओलांडून आलेली. जांभळी, फ्यूजमधून पण किल्लीशिवाय, म्हणजे हॉर्न वगैरे. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. काळी, अर्थिंग. मूळ रंग सांगतो वीज कुठून आली, वरची रेघ सांगते कुठे चालली. हिरव्यावर जांभळी रेघ दिसली की गाडीच्या कुठल्याही कोपऱ्यात ती ब्रेक लाइटचीच.

घरी वायरिंग करणारे हमखास लाल तारेचं एक मोठं रीळ आणतात आणि डॅशबोर्डपासून मागच्या दिव्यापर्यंत तेच ओढतात. त्या दिवशी सगळं चालतं. पाच वर्षांनी एक इंडिकेटर बंद पडला की त्या लाल गुंत्यात हात घालायची कुणाची हिंमत होत नाही, आणि चांगली गाडी ताडपत्रीखाली जाते.

[कागदावर पेन्सिल. रकाने.]

म्हणून आधी कागद. प्रत्येक तारेला एक ओळ: कुठून, कुठे, किती अँपिअर, किती जाडीची, कुठला रंग, कुठला फ्यूज. फ्यूज ठरतो तारेच्या जाडीवरून. तो तार वाचवण्यासाठी असतो, पुढचं यंत्र वाचवण्यासाठी नाही.

जाडीचा हिशेब पाहू. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. पंप मागे, तारेची लांबी पाच मीटर, करंट ८ अँपिअर: एक चौरस मिलिमीटरची तार जवळपास ०.७ व्होल्ट गिळते. थिन-वॉल, म्हणजे पातळ आवरणाच्या प्रकारात ती तार १६ अँपिअर सोसते, म्हणजे तापणार नाही. पण पंप अशक्त चालेल आणि चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर इंजिन उपाशी राहील. दोन चौरस मिलिमीटरची घातली की नुकसान निम्मं. पंख्याला तीन. अल्टरनेटरपासून सेल्फच्या मुख्य बोल्टपर्यंत दहा, मध्ये मोठा फ्यूज. बॅटरी सीटच्या मागे असल्यामुळे तिथून पुढे येणारी केबल लांब पडते. ती किमान पस्तीसची.

[लांब टेबल. दुसऱ्या गाडीचं अख्खं लूम पसरलेलं. कात्री टेप कापते.]

हे नव्या इंजिनाबरोबर आलेलं लूम. यात एअरबॅग आहे, काचांचे मोटर आहेत, एसी आहे, दारातले दिवे आहेत. यातलं या गाडीत काहीच नाही. टेप सोलायची, पण एकही तार कापण्याआधी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधायची. मग ईसीयूच्या टोकापासून सुरुवात करून एकेक तार बोटाने धरून शेवटापर्यंत जायचं. जी तार इंजिनावरच्या सेन्सरला, इंजेक्टरला किंवा कॉइलला जाते ती तशीच ठेवायची: लांबी तीच, कनेक्टर तोच. उरलेल्या बाजूला. हे काम घाईचं नाही. वाटेत दोन-तीन तारा एकत्र वेल्ड केलेले सांधे टेपखाली लपलेले सापडतात. ते न बघता एक टोक छाटलं की भलत्याच सेन्सरचा पुरवठा तुटतो.

इंजिन फिरताना कुठल्या स्थितीत आहे ते सांगणाऱ्या क्रँक आणि कॅम सेन्सरच्या तारांवर जाळीचं आवरण असेल तर ते काढायचं नाही. त्या जाळीला अर्थिंग एकाच टोकाला, ईसीयूकडे. दोन्ही टोकांना दिलं की जाळीतूनच करंट वाहू लागतो आणि ज्या खरखरीपासून सेन्सरला वाचवायचं तीच आत शिरते.

[सोललेलं लूम. उरलेला जुडगा मनगटाएवढासुद्धा नाही.]

एवढं झालं की एक गोष्ट स्पष्ट दिसते. इंजिनाचं लूम आणि गाडीचं लूम यांची गाठ पडते ती जेमतेम दहा तारांत. कायमची वीज, किल्लीची वीज, सेल्फ, फ्युएल पंप, पंखा, चार्जिंगचा दिवा, टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा), तापमानाचा काटा, ऑइलचा दिवा, रिव्हर्सचा दिवा. या दहांना डॅशबोर्डखाली एकच कनेक्टर. उद्या इंजिन पुन्हा उतरवायचं झालं तर तो सोडवला की काम झालं.

त्यातली किल्लीची वीज नीट निवडायची. काही स्विचमध्ये सेल्फ मारताना ॲक्सेसरीची बाजू बंद होते. ईसीयूला तिथून वीज दिली तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन पेटत नाही, आणि किल्ली सोडल्याक्षणी एक ठसका देतं. पांढरी तार सेल्फच्या वेळीही जिवंत असते. वीज तिथूनच, तीही रिलेमार्फत, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत. सेल्फची तारही, पांढऱ्यावर लाल रेघेची, रिलेमधून. नव्या प्रकारच्या सेल्फचा सोलेनॉइड बसताना क्षणभर मोठा करंट ओढतो आणि किल्लीचा जुना स्विच त्यासाठी बनलेला नाही.

पंपाच्या तारेत एक इनर्शिया स्विच. धडक बसली की पंप बंद. हे वगळायचं नाही.

[बॅटरीची जागा. जुन्या दोन बॅटऱ्या बाहेर.]

सुरुवातीच्या एमजीबीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, आणि बॉडीला जोडलेलं टोक धन. १९६७च्या सुमारास कारखान्यानेच ते उलटं केलं. इथेही उलटं करणं भाग आहे, कारण ईसीयू आणि अल्टरनेटरला बॉडी ऋणच लागते. एकदा उलट जोडलं की अल्टरनेटरचे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तत्क्षणी जातात. वायपरच्या जुन्या मोटरला फरक पडत नाही, हीटरच्या पंख्याची दिशा तपासायची, टॅकोमीटर आतून बदलावा लागतो.

[क्रिंपिंग. हाताची पक्कड, तारेचं टोक, टर्मिनलचे पंख वळतात. हा शॉट पूर्ण चालू द्यायचा.]

टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या. पुढची जोडी तांब्यावर, मागची प्लास्टिकच्या आवरणावर. रॅचेटची पक्कड पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही, साधी सुटते. म्हणून रॅचेटचीच. मग तार हातात धरून जोराने ओढून बघायची. निसटली तर आत्ता निसटलेली बरी.

वरून सोल्डर करू नये. शिसं तारेच्या धाग्यांतून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे मऊ तार कडक होते. इंजिनाच्या थरथरीने तार नेमकी तिथेच तुटते, तीही आवरणाच्या आत. बाहेरून काही दिसत नाही.

[जुने पितळी बुलेट कनेक्टर, हिरवट गंज.]

ब्रिटिश गाड्यांच्या विजेवर विनोद पुष्कळ आहेत. बराचसा दोष या पितळी जोडांचा आणि गंजलेल्या अर्थिंगचा. जोड गंजला की रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, आणि दिवा मंद होतो. जोड नवे घातले तर पद्धत उत्तमच आहे. मागच्या दिव्यांना तेच ठेवलेत.

[इंजिन आणि बॉडीमधला जाड, विणलेला पट्टा.]

इंजिन रबरावर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध नाही. हा पट्टा विसरला तर सेल्फचा करंट सापडेल ती वाट धरतो आणि ॲक्सिलरेटरची केबल लाल होते. पट्ट्याखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस. सेन्सरचं अर्थिंग मात्र वेगळं. ते ईसीयूलाच परत जातं, बॉडीला नाही.

फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या, प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं. फ्यूज नसलेली तपकिरी तार पत्र्यावर घासली तर गाडी पेटते.

[डॅशबोर्ड. चार्जिंगचा लाल दिवा.]

हा दिवा २.२ वॉटचा. अल्टरनेटर जागा होतो तो याच्यातून येणाऱ्या थोड्याशा करंटवर. एलईडी लावला तर तो करंट पोचत नाही आणि चार्जिंग सुरू होत नाही. उलटीही एक भानगड आहे: किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच. अल्टरनेटरकडून या दिव्यातून परत आलेली वीज ईसीयूचा रिले धरून ठेवते. तारेत एक डायोड टाकायचा, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे.

[२१ वॉटचा बल्ब, बॅटरीच्या तारेत अडकवलेला.]

पहिल्यांदा बॅटरी थेट जोडायची नाही. मध्ये इंडिकेटरचा बल्ब. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही. पेटला नाही, ठीक. किल्ली फिरवली की थोडा उजळतो. तो ईसीयूचा आणि रिलेंचा करंट. मग एकेक फ्यूज घालत जायचं.

[सेल्फ. इंजिन पेटतं. निवेदन नाही.]

सेल्फ फिरत असताना इंजिन आणि बॅटरीचं ऋण टोक यांत मल्टिमीटर लावून बघितलं: ०.२ व्होल्टच्या आत हवं. त्याहून जास्त आलं तर दोष अर्थिंगमध्ये, बॅटरीत नाही. मग हेडलाइट, पंखा, हीटर सगळं चालू करून चार्जिंगचा व्होल्टेज: १३.८ ते १४.४. मोजायचं बॅटरीवर आणि ईसीयूच्या पिनेवरही. दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर मधला एखादा जोड उघडून बघायचा.

टॅकोमीटर अजून चुकतोय. जुन्या काळी तो कॉइलच्या तारेतला करंट मोजायचा. आता आत नवा सर्किट बोर्ड आहे आणि ईसीयू त्याला क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठोके देतो. काटा पुढे पळतोय. बोर्डवरचा छोटा स्क्रू फिरवून, ईसीयूत दिसणाऱ्या आरपीएमशी काटा जुळवायचा, एकदा हजारावर, एकदा तीन हजारांवर. मगच काच बसवायची.