दहा मीटरवरचा शिपाई

मित्रहो, इतिहासातील सैनिकांच्या लहान मूर्ती जोडून रंगवण्याचा विषय निघाला की ब्रश किती बारीक हवा आणि हात स्थिर कसा ठेवावा, याचीच चर्चा अधिक होते. मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपण रंगवत असलेला शिपाई आपल्यापासून किती अंतरावर उभा आहे? ५४ मिलिमीटरची मूर्ती साधारणपणे १/३२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या भागाइतकी, मानली जाते. ती डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरली, म्हणजे खऱ्या माणसाकडे सुमारे साडेनऊ मीटरांवरून पाहिल्यासारखे होते. तेवढ्या अंतरावरून माणसाच्या डोळ्यातील पांढरा भाग फारसा उठून दिसत नाही, तरीही नवशिके शुद्ध पांढऱ्या रंगावर काळा ठिपका देतात आणि रणांगणावरचा अनुभवी शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसू लागतो. वरच्या पापणीची गडद तपकिरी रेघ आणि भुवईखालची सावली एवढ्यावर नजर उभी राहते. अर्धपुतळा १/१० प्रमाणातील असेल, तर तोच माणूस तीन मीटरांवर येतो, आणि मग बुबुळाचा रंगसुद्धा दाखवावा लागतो.

जोडणीविषयी थोडक्यात सांगतो. पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे भाग त्यासाठीच्या ‘सिमेंट’ नावाच्या पातळ गोंदाने चिकटवतात. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते. रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य) आणि व्हाइट मेटल (कथिलासारखा मऊ मिश्रधातू) यांना ते लागू पडत नाही. तेथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरावे लागते, आणि वजनदार हाताच्या सांध्यात भोक पाडून पितळी तारेचा तुकडा बसवणे शहाणपणाचे ठरते. रेझिन घासताना ते ओले करावे आणि तोंडावर मास्क असावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या मधली रेघ मात्र अजिबात शिल्लक ठेवू नये. कोऱ्या मूर्तीवर ती दिसत नाही. रंग चढला की गालावरच्या व्रणासारखी उमटते.

आता रंग. खोलीतील पसरट उजेडात एवढ्याशा कोटाच्या घड्यांची सावली फिकी पडते, म्हणून ती रंगानेच घालावी लागते. अनेकजण आधी गडद प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, देतात आणि मग फक्त वरच्या बाजूने पांढरा फवारा मारतात. उजेड डोक्यावरून आला तर कोठे पडेल, याचा नकाशा त्यामुळे मूर्तीवर आपोआप तयार होतो, आणि पुढचे पातळ थर त्याच्याच आधाराने चढवता येतात. थर पातळ असण्यालाही प्रमाणाचेच कारण आहे. दोन मिलिमीटर जाडीचे लोकरी कापड १/३२ प्रमाणात मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतके उरते. तेथे रंगाचा एक जाड हातसुद्धा कापडाहून जाड होऊ शकतो.

लाल कोटाचेच उदाहरण घेऊ. नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश पायदळात साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या मुळाच्या रंगात रंगवलेला असे आणि तो विटकरीकडे झुकणारा होता. अधिकाऱ्यांचे उंची कापड मात्र किरमिजी किड्यापासून मिळणाऱ्या रंगाने झगझगीत लाल दिसे. दोघांना एकाच डबीतला लाल देणे म्हणजे हुद्द्यातील फरकच पुसून टाकणे. छटा देतानाही पथ्य पाळावे लागते: लालमध्ये काळा मिसळला की रंग मळकट होतो आणि पांढरा मिसळला की गुलाबी होतो, म्हणून सावलीसाठी गडद तपकिरी आणि उजेडासाठी नारिंगी वापरणे बरे.

गणवेशाचे नियम छापील असतात, पण मोहिमेवरचे कपडे ते नियम पाळतातच असे नाही. फ्रेंच सैन्यात १८१२ मध्ये आखूड शेपटाच्या नव्या कोटाचा नियम झाला. तरी त्याच वर्षी रशियावर चालून गेलेले बहुतेक पायदळ जुन्याच लांब शेपटाच्या कोटात होते. मोहिमेत शाकोवर, म्हणजे उंच ताठ लष्करी टोपीवर, मेणकापडाचे आवरण असे, विजारीला मिळेल त्या कापडाची ठिगळे लागत. चित्रसंग्रहातील इस्त्रीचा शिपाई हुबेहूब उतरवणाऱ्यापेक्षा, कोणत्या महिन्यातील आणि कोणत्या वाटेवरचा शिपाई आपण दाखवतो आहोत हे आधी ठरवणारा कारागीर मला अधिक अभ्यासू वाटतो.

अंतराचा हिशेब दुसऱ्या टोकाला नेला तर काय होते, हे विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या, नेपोलियनचा अखेरचा पराभव झालेल्या वॉटर्लूच्या लढाईच्या प्रतिकृतीत दिसते. त्याने युद्धभूमीची मोजणी केली, हयात अधिकाऱ्यांना पत्रे लिहून कोणती तुकडी कोठे होती ते विचारले आणि १८३८ मध्ये सत्तर हजारांहून अधिक मूर्तींची रचना लंडनमध्ये मांडली. मूर्ती जेमतेम सेंटिमीटरभर उंच. तेथे चेहऱ्याला अर्थ नाही, अर्थ आहे तो रांगांच्या रंगाला आणि जागेला. वादही जागेवरूनच झाला. १८ जून १८१५ च्या संध्याकाळचा क्षण निवडल्यामुळे ब्रिटिशांच्या मदतीला आलेले प्रशियन (जर्मन) सैन्य मोठ्या संख्येने दिसत होते, आणि ते ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाला रुचले नाही. पुढे त्या प्रशियन मूर्ती कमी करण्यात आल्या. ही प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. डोळे नसलेल्या मूर्तीसुद्धा इतिहासाविषयी दावा करतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी ती पाहावी.

शेवटचा हात वार्निशचा. चकाकणाऱ्या पृष्ठभागावर खोलीतला दिवा जसाच्या तसा उमटतो आणि रंगवलेल्या उजेडाशी भांडू लागतो, म्हणून लोकरी कापड आणि त्वचा यांवर मॅट वार्निशच हवे. दमट हवेत ते फवारू नये, त्यावर पांढुरकी झाक धरते. ते वाळल्यावर काडतुसांची पेटी आणि बूट यांना ब्रशने अर्धचमक द्यावी, पण धुळीने माखलेल्या बुटांना तीही नको. पूर्ण चमक मी फक्त घोड्याच्या डोळ्यासाठी ठेवतो. तो डोळा मोठा आणि ओलसर असतो, आणि त्यातली चमक दहा मीटरांवरूनही दिसते.