कोल्हापूरचा टाऊन हॉल: सभागृहातून संग्रहालयाकडे

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेत टोकदार कमानींची, उतरत्या छपरांची दगडी इमारत उभी आहे. हा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. पुढे नवा राजवाडाही त्यांनीच रेखला. संस्थानच्या छोट्या राजधानीला सभा-समारंभांसाठी हक्काची जागा मिळाली.

१९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं. सातवाहनकाळातल्या वस्तूंबरोबर समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली रोमन घडणीची कांस्यमूर्ती हाती आली. या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय निघालं आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं. इमारत वाचली ती या नव्या कामामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

पण सभेला वारा आणि उजेड हवा, तर जुन्या कांस्याला दोन्हीपैकी वाराच बाधतो. मातीतले क्षार धातूत मुरलेले असतात. हवेतली आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की ते जागे होतात आणि पृष्ठभागावर फिकट हिरवी भुकटी सुटते. ती नुसती पुसून भागत नाही. आतून धातू खाल्ला जातच असतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. म्हणून अख्खं दालन बंद करण्याऐवजी काचेचं कपाटच हवाबंद करावं. एक घनमीटर जागेला सुमारे २० किलो सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, लागतं. त्यात ओल लागली की रंग बदलणारे थोडे नारिंगी दाणे मिसळावेत. ते हिरवे झाले, की जेल बदलायची वेळ झाली. पांढरं जेल १२० अंशांवर काही तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. जलरंगातल्या चित्रांना मात्र उजेडच बाधतो. त्यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त नको.

भिंतींचं दुखणं वेगळं. चुन्यात बांधलेल्या दगडाच्या दरजा सिमेंटने भरल्या, तर ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ती आतल्या बाजूने फुटते आणि गिलावा फुगतो. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडावी, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू भरावी, वर आठवडाभर ओली पोती ठेवावीत. हे काम पावसाळा सरल्यावरच काढावं, कारण चुना सावकाश धरतो.

छपराच्या पन्हळी मात्र मे महिन्यातच साफ व्हायला हव्यात. सांध्यात पिंपळ रुजला असेल तर ओढू नये, दगड हलतो. बुंधा कापून मूळ जागीच मारावं आणि ते वाळल्यावर पोकळी चुन्याने भरावी.