निरागस कोण, निर्दोष कोण

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'अभिजात कादंबरीतलं धैर्य' असा छापला आहे. मीच कळवला होता, तेव्हा तक्रार नाही. धैर्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका शब्दाचं भांडण तुमच्यापुढे मांडते, कारण घरी ते आता कुणी ऐकून घेत नाही.

हार्पर ली यांची 1960 सालची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. वाचली नसेल तर ग्रेगरी पेकचा सिनेमा पाहिला असेल. तोही नसेल पाहिला तर नुसती मान डोलवा, इथून मला काही कळत नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं एक गाव, मंदीचा काळ, वकील ॲटिकस फिंच, त्याची मुलगी स्काउट आणि मुलगा जेम, आणि गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपात अडकलेला काळा माणूस टॉम रॉबिन्सन. एवढं पुरे.

शीर्षकाचं मराठी कसं करायचं, यावर मी एकेकाळी फार डोकं खपवलं. मॉकिंगबर्ड आपल्याकडे नाही. दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा आपला पक्षी म्हणजे कोतवाल. पण 'कोतवालाला मारणं पाप आहे' असं लिहिलं की वाचक थेट तहसील कचेरीत पोचतो. तो नाद मी सोडला.

तर भांडण. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने या कादंबरीवर लेख मागितला. मी पंधरा पानं लिहिली, खटल्याच्या प्रसंगाचा सारांशही दिला. मुद्रितं आली आणि मी बघतच राहिले. जिथे जिथे मी 'टॉम निर्दोष आहे' असं लिहिलं होतं, तिथे तिथे 'टॉम निरागस आहे' असं झालेलं. एकदा नाही, अकरा वेळा. आता टॉम रॉबिन्सन म्हणजे पंचवीस वर्षांचा शेतमजूर, तीन मुलांचा बाप. तो भर कोर्टात निरागस! दुपटं तेवढं गुंडाळायचं बाकी होतं.

मी तडक अंकाच्या कचेरीत गेले. मुद्रितशोधक सत्तरीचे गृहस्थ, बशीत चहा ओतून पीत बसलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "बाई, इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच ना? 'इनोसंट'?"

म्हटलं, "हो, पण मराठीत दोन आहेत."

"तुम्ही पानापानावर स्काउटला निरागस, निरागस म्हणता. मग टॉमनं काय घोडं मारलंय?"

मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात कुणी असं विचारलं असतं तर त्याला खाली बसवलं असतं. इथे मीच उभी होते. त्यांनी कपाटातून आपट्यांचा संस्कृत कोश काढला आणि 'आगस्' शब्दावर बोट ठेवलं. आगस् म्हणजे अपराध. निरागस म्हणजे ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही तो. "कोर्टात याहून नेमका शब्द कुठला आणणार तुम्ही? गालाला खळी पडणारं पोर हा अर्थ आपण मागाहून चिकटवला."

मला उत्तर सुचलं नाही. लेख माझा, म्हणून अकराही ठिकाणी 'निर्दोष' करून घेतलं. मानधन अजून यायचं आहे, तो भाग वेगळा. पण त्या माणसाचं घोडं काही डोक्यातून जाईना.

कारण शब्द दोन असले की वाटणीही दोन होते. निरागसपणा मागावा लागत नाही, तो लहान पोराला आपण उचलून देतो. निर्दोषपण सिद्ध करावं लागतं. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. मुलीच्या चेहऱ्यावरचा मार उजव्या बाजूला आहे, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बापच डावखुरा आहे, हे कोर्टासमोर त्याच्याकडून सही करवून दाखवलं जातं. याहून धडधडीत पुरावा कुठून आणायचा? तरी ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. लुळा हात समोर दिसतो आणि उपयोगाला येत नाही.

उलट स्काउट. तुरुंगाच्या दाराशी जमाव टॉमला ओढून न्यायला आलेला असतो. ही आठ वर्षांची मुलगी मध्ये घुसते आणि त्यातल्या एकाला, ओळखीच्या कनिंगहॅमला, त्याच्या मुलाची चौकशी करते. माणूस ओशाळतो, जमाव परततो. सुंदर प्रसंग आहे, मी दरवेळी रडते. पण तिच्या जागी टॉमचा मुलगा घुसला असता तर? त्याचा निरागसपणा कुणाला दिसला असता?

माझी कल्पना नव्हे ही. 1931 साली त्याच अलाबामात, स्कॉट्सबरोला, मालगाडीतून उतरवलेल्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरच्या बलात्काराचा आरोप ठेवला गेला. काही दिवसांत आठांना मृत्युदंड. नववा रॉय राइट, वय बारा-तेरा, म्हणजे कादंबरीतल्या जेमएवढा. त्याचा खटला अडला तो ज्यूरीचं एकमत न झाल्यामुळे. पण मतभेद कशावर, तर जन्मठेप द्यायची की मृत्युदंड. सरकारी पक्षच जन्मठेप मागत होता आणि ज्यूरीतल्या काहींना तेवढं पुरत नव्हतं. पोर आहे, सोडा, असं म्हणणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

आणि कादंबरी? तिच्यावरही मी थोडी रागावलेली आहे. टॉमची मुलं तिच्यात किती दिसतात? टॉम तुरुंगातून पळताना मारला जातो, सतरा गोळ्या. ॲटिकस ती बातमी घेऊन त्याच्या घरी जातो तेव्हा अंगणात मुलं गोट्या खेळत असतात. एक चिमुरडी दारात येते, तिला पायरी उतरायची आहे. ॲटिकस बोट पुढे करतो, ती ते धरून उतरते. बस्स. हेही स्काउटने पाहिलेलं नाही, तिचा दोस्त डिल याने सांगितलेलं ऐकलं आहे. साऱ्या पुस्तकभर निरागसपणाची चर्चा, आणि ती पोरगी ऐकीव परिच्छेदात आली नि गेली. पण लेखिकेने ते बोट लिहून ठेवलं, हे मात्र मी विसरत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' पहिलीही आली होती म्हणतात, ती मी चष्म्याखाली ठेवली.

तर धैर्य. भराभर सांगते. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेवर माझी चार पानं टिपणं आहेत. ती बाजूला ठेवते.

ॲटिकसचं धैर्य सगळ्यांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकी आहे. प्रत्यक्षात ते कितीला पडतं ते बघा: स्कॉट्सबरोच्या फेरखटल्यात न्यायमूर्ती जेम्स हॉर्टन यांनी 1933 साली ज्यूरीचा निकाल रद्द केला. पुढच्या वर्षी निवडणुकीत त्यांची खुर्ची गेली. ॲटिकस मात्र कादंबरीत विधानसभेवर बिनविरोध निवडून येतो. लेखिका आपल्या नायकाशी जरा मायेने वागली.

माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यांत धाडसी वाक्य टॉमचं आहे. त्या मुलीची कामं फुकट का करायचास, असं सरकारी वकील खोदून विचारतो. टॉम सांगून टाकतो, मला तिची दया यायची. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची दया करायची! कोर्टात सन्नाटा पसरतो. टॉमला चूक कळते, पण वाक्य खरं असतं. माझ्या हिशेबी ज्यूरीने त्याला बलात्कारासाठी नाही, त्या दयेसाठी शिक्षा दिली. याच्यावर तासभर बोलायचं होतं.

आणि हेलन, टॉमची बायको. तिच्याबद्दल सिनेमात जवळजवळ काही नाही. टॉमच्या मागे ती लिंक डीस नावाच्या माणसाकडे कामाला जाते. वाटेत त्या फिर्यादी बापाचं घर. सार्वजनिक रस्त्याने गेली तर त्या घरातून तिच्यावर वस्तू भिरकावल्या जातात, म्हणून ती रोज जवळजवळ मैलभराचा वळसा घालते. मालकाच्या ते लक्षात येतं, तो त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला दम भरतो. दुसऱ्या दिवशी हेलन सरळ रस्त्याने निघते. तो फिर्यादी बाप तिच्या मागे चालत राहतो, पुटपुटत घाणेरडं बोलत. ती एकदा वळून त्याला पाहते आणि तशीच चालत राहते. कामावर पोचते.